टॅबसाठी वायरलेस हार्ड डिस्क कोणती घ्यावी? (बाबांसाठी हवी आहे)

माहेरवाशीण
मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लावते, कारण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद "मॉडेल सांगा" एवढेच येतात.

बाबा ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गुहागर तालुक्यात गावी एकटेच राहतात. भावाने अमेरिकेहून येताना त्यांना आयपॅड आणला. नववी पिढी, ६४ जीबी, लायटनिंग पोर्टवाला. व्हिडिओ कॉल, पेपर, पत्ते हे सगळं त्यांना झकास जमतं. आता त्यांची मागणी अशी की "माझ्या कॅसेटी ह्याच्यात घालून दे."

कॅसेटी म्हणजे, २००३ ते २०११ या काळात बाबांनी हॅण्डीकॅमवर गावचा शिमगा, पालखी, नमन, जाखडी (ही आमच्याकडची लोकनाट्यं आणि नाच) असं जे दिसेल ते टिपून ठेवलंय. मिनी-डीव्हीच्या २८ टेप. दोन वर्षांपूर्वी त्या एका ओळखीच्याकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. शिवाय घरातल्या लग्नामुंजींच्या १० डीव्हीडी. सगळं एका हार्ड डिस्कवर आहे, एकूण ४१० जीबी. आयपॅडमध्ये रिकामी जागा जेमतेम ३५.

बाबांचे हात आता थरथरतात. चार्जरची पिन लावतानाच दोन-तीनदा हुकते, त्यात आणखी अडॅप्टर, मग त्याला डिस्क, हे नको वाटतं. म्हणून वायरलेस. स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं वायफाय असलेली डिस्क मिळते असं वाचलं. वर्षातून दोन-तीन महिने ते माझ्याकडे पुण्याला असतात, म्हणजे पिशवीत टाकून नेता यायला हवी. बजेट दहा हजारांच्या आत.

कोणी वापरलीय का? कोणती घेऊ?

खडूस_काका
टेप वेळेत उतरवून घेतल्यात हे वाचून बरं वाटलं. आमच्या कपाटातल्या टेपना बुरशी आली आणि मुलाची मुंज गेली. म्हणजे मुंज झाली, शूटिंग गेलं.

बाकी तांत्रिक काही कळत नाही. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलोय.

वायरमन
घेऊ नका. स्पष्टच सांगतो.

ही वस्तू कशासाठी निघाली ते आधी बघा. आयपॅडला मेमरी कार्डाचा खाचा कधीच नव्हता आणि पेनड्राइव्ह लावला तरी तो वाचता यायचा नाही, फार तर कॅमेऱ्यातले फोटो घेता यायचे. त्यावर पळवाट म्हणून कंपन्यांनी डिस्कच्या पोटात बॅटरी आणि वायफाय घातलं. सीगेटची गोफ्लेक्स सॅटेलाइट २०११ मध्ये आली, डब्ल्यूडीची (वेस्टर्न डिजिटल) माय पासपोर्ट वायरलेस २०१४ मध्ये, सॅनडिस्कची छोटी वायरलेस स्टिक २०१५ मध्ये. मग २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आलं आणि 'फाइल्स' ॲपमध्ये पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क सरळ दिसायला लागली. पळवाटेची गरजच संपली. आता बाजारात असतो तो बहुतेक जुना माल. त्यातली लिथियमची बॅटरी गोदामात किती वर्षं झोपली आहे देव जाणे.

नवव्या पिढीला लायटनिंग ते यूएसबी ३ कॅमेरा अडॅप्टर लागेल. त्याला बाजूला चार्जरची पिन लावायची सोय असते, तोच घ्या. साधा अडॅप्टर घेऊन हार्ड डिस्क लावलीत तर "ही ॲक्सेसरी फार वीज खाते" असा संदेश येऊन गप्प बसेल. हार्ड डिस्कपेक्षा पेनड्राइव्ह किंवा एसएसडी (आत फिरती तबकडी नसलेली डिस्क) बरी. आणि ती एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट करा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, तुमची एकेक टेपच त्याहून मोठी असणार.

मोगरा
वायरमनदादा, इतकं पण नाही हो! आमच्याकडे ती छोटी वायरलेस स्टिक आहे, पाच-सहा वर्षं झाली. पुण्याहून चिपळूणला जाताना कोयनानगरच्या पुढे कुंभार्ली घाटात रेंज गुल होते आणि मागच्या सीटवर महाभारत सुरू होतं. स्टिक डॅशबोर्डवर ठेवायची, दोन पोरं, दोन टॅब, दोघांना वेगवेगळं कार्टून. एका पेनड्राइव्हमध्ये हे कसं करणार? अर्धा अर्धा तोडून देऊ?

वायरमन
दोन टॅब असतील तर मान्य. इथे एक टॅब आणि एक बाबा आहेत.

माहेरवाशीण
@वायरमन, इतिहास आवडला, पण अडॅप्टरच नको म्हणून तर धागा काढला ना. तुम्ही सांगताय त्यात अडॅप्टर, त्यात चार्जर, त्यात डिस्क. तीन पिना झाल्या. आणि आयपॅड पलंगावर घेऊन बसतात ते. कुशीवर वळले की सगळी वरात खाली.

@मोगरा, चालू कशी करायची ते लिही ना सविस्तर. बाबांच्या नजरेने.

मोगरा
बाबांच्या नजरेने... बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकतो. मग टॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन घरचं वायफाय सोडून स्टिकचं वायफाय निवडायचं. मग स्टिकचं ॲप उघडायचं, त्यात फोल्डर. झालं की परत घरच्या वायफायवर यायचं, नाहीतर व्हॉट्सॲप बंद. आणि स्टिक चार्ज करायला विसरायचं नाही.

लिहिताना लक्षात आलं की हे आमच्या सासूबाईंना मी कधीच शिकवू शकले नसते.

कॅमेरेवाला
दोन्ही बाजूंनी बोलतो, कारण अशी डिस्क मी चार वर्षं अक्षरशः घासली आहे.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो. लॅपटॉप जंगलात न्यायचा कंटाळा. माझ्या डिस्कला बाजूला एसडी कार्डाची खाच होती. संध्याकाळी गेस्ट हाउसवर आलं की कार्ड आत सरकवायचं, आणि आपण जेवून येईपर्यंत सगळं डिस्कवर उतरलेलं. टॅब लागतही नाही. एक रॉ (कॅमेऱ्याने न दाबलेला) फोटो २५-३० एमबीचा, दिवसाला पाचसातशे फोटो, म्हणजे पंधरा-वीस जीबी. मग अंथरुणात पडून टॅबवर वायफायने चाळायचे, फालतू ते उडवायचे. या कामासाठी ती डिस्क म्हणजे नोकर होती नोकर.

आता दुसरी बाजू. पावसाळ्यात चार महिने कपाटात पडून होती. काढली तेव्हा झाकण एका कोपऱ्यातून उचललेलं. टेबलावर ठेवली तर डुलते! आतली बॅटरी पापडासारखी फुगली होती. दुरुस्तीवाल्याने बॅटरी काढून टाकली, तेव्हापासून ती साधी वायरवाली डिस्क म्हणून जगतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, चूक माझीही होती. अशी वस्तू पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने ठेवायची नाही, अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून अधूनमधून बघायची.

कोकणातल्या दमट हवेत, ७४ वर्षांच्या माणसाकडे, हे सगळं कोण बघणार?

जाता जाता, विमानात नेणार असाल तर बॅटरीवाली डिस्क हातातल्या बॅगेतच ठेवा. पॉवरबँकेसारखीच, चेक-इनमध्ये टाकू नका.

शंकेखोर
सुरक्षेचं कोणीच बोललं नाही? ह्या डिस्का डब्यातून काढल्या की बऱ्याचदा बिनपासवर्डच्या असतात आणि लोक तशाच वापरतात.

मांडवी एक्सप्रेसमध्ये एकदा मोबाइलवर वायफाय शोधत होतो, एक उघडं दिसलं. जोडलं तर कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो आणि 'एलआयसी पावत्या' नावाचं फोल्डर. (पावत्या उघडल्या नाहीत. फोटोतलं जेवण चांगलं दिसत होतं.) समोरच्या बर्थवरचे गृहस्थ निवांत टॅबवर सिनेमा बघत होते. मी त्यांना सांगितलं तर माझ्याकडेच चोर असल्यासारखं बघायला लागले.

आणि नुसता पासवर्ड लावूनही भागतंच असं नाही. २०१५ मध्ये सीगेटच्या वायरलेस डिस्कांमध्ये टेलनेटचं (दुरून आत शिरायची जुनी पद्धत) छुपं दार उघडकीला आलं होतं, नाव 'रूट' आणि पासवर्डही 'रूट'. कंपनीने फर्मवेअर अपडेट दिलं, पण ते घरोघरी टाकलं किती जणांनी?

खडूस_काका
साखरपुड्यात काय होतं जेवायला?

शंकेखोर
मठ्ठा-जिलबी, मसालेभात. मुलीकडचे पुण्याचे असावेत.

मोगरा
ओ! पुण्याचं काय त्यात?

सातासमुद्रापार
इतका विचार कशाला? सगळं क्लाउडवर टाका. आम्ही इकडे घरचं सगळं तिथेच ठेवतो. किंवा भावाला सांगा नवीन आयपॅड पाठव, ५१२ जीबीचा. प्रश्न मिटला.

तळकोकणी
साहेब, ४१० जीबी गावातून वर चढवायचे म्हणजे काय ते बघायला एकदा मे महिन्यात या. आमच्याकडे दुपारी ढग आले की लाइट जाते, लाइट गेली की राउटर जातो, आणि वीज कडाडली की राउटर कायमचाच जातो. गेल्या वर्षी वळवाच्या पहिल्या पावसात आमच्या वाडीत एका दिवसात चार राउटर गेले. आता पहिला गडगडाट ऐकला की आमची आई आधी राउटरचा प्लग काढते, मग वाळवण उचलते.

सातासमुद्रापार
मान्य. चढवायचं काम पुण्यातून होईल, पण बघायला नेट लागेलच. सुचवणी मागे घेतो. (नवीन आयपॅडची मागे घेत नाही, भाऊ आहे कशाला!)

माहेरवाशीण
भाऊ हा धागा वाचतो. :)

निवांत
कुणी २ टीबीच्या स्वस्त पेनड्राइव्हच्या नादाला लागणार असेल तर थांबा. मी लागलो होतो. ऑनलाइन ७०० रुपयांत २ टीबी. कॉपी करताना काही तक्रार नाही, फोल्डर दिसतंय, फाइलचं नाव दिसतंय, आकडा बरोबर. उघडायला गेलं की पहिल्या काही फाइल चालतात आणि पुढच्या सगळ्या कोऱ्या. आत चिप ३२ जीबीची, आणि कॉम्प्युटरला "मी २ टीबी आहे" असं सांगायला शिकवलेलं. त्यापुढचं सगळं हवेत लिहिलं जातं.

आता नवीन काही घेतलं की आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम लावतो. तो डिस्क काठोकाठ भरतो आणि परत वाचून बघतो. रात्रभर लागते, पण ७०० रुपयांत धडा मिळाला. फोटो आधी मूळ जागेवरून उडवले असते तर लाखाचा पडला असता.

वायरमन
काल रात्री धागा परत वाचला आणि डोक्यात प्रकाश पडला. @माहेरवाशीण, २८ टेप आणि १० डीव्हीडी म्हणालात ना? डीव्ही फॉरमॅटची एक तासाची टेप जशीच्या तशी उतरवली की साधारण १३ जीबी होते. २८ गुणिले १३, ३६४. एकेक डीव्हीडी साडेचार जीबी धरली तर ४५. बेरीज ४०९. म्हणजे तुमच्या माणसाने टेप न दाबता, न बदलता उतरवल्यात. शाबास त्याची! जपून ठेवायला हेच रूप उत्तम.

पण बघायला हे रूप नको. चित्र आहे ७२० बाय ५७६, म्हणजे जुन्या टीव्हीएवढं. तेवढ्याला तासाला १३ जीबी म्हणजे गव्हाच्या पोत्यातून एक भाकरी. शिवाय हे डीव्हीचं एव्हीआय आणि डीव्हीडीच्या व्हीओबी फाइल आयपॅडचं 'फाइल्स' ॲप वाजवणारच नाही. तुम्ही दहा हजारांची वायरलेस डिस्क आणली असती आणि बाबांना काळा पडदा दिसला असता. व्हीएलसी नावाचं व्हिडिओचं ॲप टाकलं तर वाजेल, पण तरी.

तर असं करा. हॅण्डब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात एच२६४ हा व्हिडिओचा प्रकार निवडा, 'डीइंटरलेस' चालू करा (नाहीतर हलत्या माणसाच्या कडांना कंगव्यासारखे दात येतात, आणि जाखडीत कोण स्थिर उभं असतं?). तासाला एक-सव्वा जीबीत बसेल, आणि टॅबवर फरक कळणार नाही. २८ टेप म्हणजे ३०-३५ जीबी.

वायरलेसचा वेग पण सांगून ठेवतो. जुन्या वायफायच्या स्टिकवर प्रत्यक्षात सेकंदाला ४ एमबी मिळाले तर नशीब. बघायला ते पुरतात, पण ४०० जीबी वायफायने भरायला गेलात तर २८ तास जवळपास. तीच डिस्क वायरने सेकंदाला १०० ने भरली तर सव्वा तासाच्या आत.

कॅमेरेवाला
+१. फक्त मूळ फाइल उडवू नका!! लहान केलेलं बघायला, मोठं जपायला. मूळ साठ्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. गावच्या कपाटात एक आणि पुण्यात एक. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची प्रत साध्या हार्ड डिस्कवर करा. एसएसडी बिनविजेची फार काळ पडू देऊ नये.

आणि टेप फेकू नका. खडूसकाकांची मुंज आठवा.

तळकोकणी
अवांतर: ताई, नमन कुठल्या वाडीचं? आणि जाखडी शक्तीवाल्यांची की तुरेवाल्यांची (जाखडीतले दोन पक्ष)? माझे मामा तुरेवाले. २००५-०६ च्या सुमारास गुहागरकडे त्यांचे सामने व्हायचे, एकाचंही शूटिंग आमच्याकडे नाही. मामा आता नाहीत.

खडूस_काका
अज्ञान पाजळतो. नमन म्हणजे दशावतारच ना?

तळकोकणी
काका, हे सिंधुदुर्गात बोलू नका आणि रत्नागिरीत तर त्याहून बोलू नका. संकासुराचं सोंग दोन्हीकडे असतं म्हणून काय दोन्ही एक होतात? नमनात गण, गौळण, मावशी, सोंगं, आणि मृदंगाशिवाय पान हलत नाही. दशावतारी कंपनी गावोगावच्या जत्रा करत फिरते, पेटारा घेऊन. नमन वाडीतलीच माणसं करतात. सकाळी जो रिक्षा चालवतो तो रात्री रावण.

माहेरवाशीण
@तळकोकणी, दोन्ही आहेत असं बाबा म्हणतात, मला फरक कळत नाही (बाबांना सांगू नका). मामांचं नाव मला निरोपात पाठव, त्यांना विचारते.

@वायरमन, कालपासून हॅण्डब्रेक चालू आहे. एका टेपला माझ्या जुन्या लॅपटॉपवर पाऊण तास. पहिली फाइल १.१ जीबी झाली, टॅबवर बघितली, सुंदर. डीइंटरलेस न करता पण एक काढून बघितली. मृदंगवाल्याचा हात म्हणजे खरंच कंगवा!

पण मग आता वायरलेस घ्यायची की नाही? ३५ जीबी रिकामी जागा आणि ३३ जीबीचा माल. ठासून भरला तर आयपॅड गुदमरेल.

निवांत
एक बावळट प्रश्न. बाबा ह्यातलं नेमकं काय बघतात?

माहेरवाशीण
सगळंच म्हणतात. पण विचारते नीट.

शंकेखोर
राउटरचा विचार झाला का? बऱ्याच राउटरच्या मागे यूएसबीची खाच असते. तिथे पेनड्राइव्ह कायमचा खोचून ठेवायचा, राउटरच्या सेटिंगमध्ये मीडिया सर्व्हर चालू करायचा. टॅबवर व्हीएलसीमध्ये 'लोकल नेटवर्क'खाली तो आपोआप दिसतो. वायफाय बदलायला नको, बटण नको, चार्जिंग नको. नेट बंद असलं तरी घरातल्या घरात चालतं, फक्त राउटरला लाइट हवी. लाइट जाते म्हणून राउटरचा तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो लावा.

एक खाचखळगा सांगतो, मी त्यात दोन तास घालवलेत. व्हीएलसी पहिल्यांदा उघडलं की आयपॅड विचारतो, "स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं शोधू देऊ का?" घाईत "नको" दाबलं तर पुढे आयुष्यभर यादी रिकामी. मग सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'लोकल नेटवर्क' चालू करावं लागतं.

वायरमन
हा प्रतिसाद मी द्यायला हवा होता. जळतोय.

भर घालतो. पुण्याला न्यायचं असेल तर प्रवासी राउटर मिळतात, काडेपेटीच्या थोराड भावासारखे. काहींना यूएसबी असतो आणि ते पॉवरबँकेवर चालतात. राउटर, पेनड्राइव्ह आणि पॉवरबँक, झाली की तुमची वायरलेस डिस्क! फरक इतकाच की बॅटरी फुगली तर बॅटरी बदला, ड्राइव्ह भरला तर ड्राइव्ह बदला. कंपनीच्या ॲपवर जीव टांगलेला नाही. तरी कोणी तयार वायरलेस डिस्क घेणारच असेल तर आधी तिचं ॲप ॲप स्टोअरवर शिल्लक आहे का आणि शेवटचं अपडेट कधीचं, ते बघा. डब्यावरच्या आकड्यांपेक्षा ते महत्त्वाचं.

मोगरा
आमच्या स्टिकचं ॲप जुन्या टॅबवर आहे म्हणून चालतंय, हे आता कळलं. नव्यावर मिळेना. टॅब जपायला हवा! वाचनखूण साठवली.

माहेरवाशीण
तीन आठवड्यांनी येतेय. शिमग्याला गावी गेले होते, आता अहवाल.

सगळ्या २८ टेप लहान करून झाल्या. गावी गेल्यावर बाबांच्या शेजारी बसून एकेक उघडून दाखवली. आणि तिथेच कळलं की खरी पंचाईत जागेची नव्हतीच. फाइलींची नावं होती 'टेप ०१', 'टेप ०२', 'टेप १४ भाग'. बाबांना त्यातली एकही ओळखता येईना. वहीचं पान फाडून ते सांगत गेले, मी नावं बदलत गेले: '२००४ पालखी खालची वाडी', '२००६ नमन, पाऊस आला ते', '२००७ दत्तूचा रावण', '२००९ पालखी, आई ओटी भरते'.

शेवटच्या नावाला मी जरा थांबले. मला हे शूटिंग आहे हे माहीतच नव्हतं. चार मिनिटांचं आहे. आई पालखीपुढे वाकली आहे, डोक्यावरचा पदर सावरतेय, आणि कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज, "इकडे बघ, इकडे." ती काही बघत नाही.

निवांतचा प्रश्न बावळट नव्हता. रोज बघायच्या म्हणून बाबांनी नऊ फाइली निवडल्या. सव्वानऊ जीबी! त्या सरळ आयपॅडमध्येच व्हीएलसीत टाकून दिल्या. वायर नाही, वायफाय नाही, बोट ठेवलं की सुरू. बाकीच्या राउटरमागच्या पेनड्राइव्हवर. त्या त्यांनी आठवड्यात एकदाच उघडल्या.

मूळ ४१० जीबीच्या दोन प्रती केल्या, एक गावी, एक माझ्याकडे. कॅमेरेवाले खूश व्हा.

कॅमेरेवाला
खूश. आईंची फाइल तिसऱ्या ठिकाणी पण ठेवा.

माहेरवाशीण
ठेवली, भावाकडे.

आणि आता मूळ प्रश्नाची गंमत. वायरलेस लागलंच! पण बाबांना नव्हे. शिमग्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ओटीवर नमनवाले जमले. दत्तूकाकांनी स्वतःचा रावण अठरा वर्षांनी पाहिला. मग प्रत्येकाला तो आपल्या मोबाइलवर हवा. मुंबईहून आलेली पोरं, एका वेळी बारा-पंधरा फोन, आणि गावात चाकरमानी आल्यावर नेट कसं रांगतं ते तळकोकणींना विचारा. व्हॉट्सॲपवर एक जीबी पाठवायला गेलं तर होळी विझून राख गार होईल.

वायरमनांची युक्ती केली. पुण्याहून छोटा राउटर नेला होता, त्याला पेनड्राइव्ह आणि पॉवरबँक लावून ओटीवरच्या खुंटीला टांगला. ज्याला हवं त्याने जोडायचं आणि उतरवून घ्यायचं. अँड्रॉइडवाले फोन विचारत होते, "ह्या वायफायला इंटरनेट नाही, तरी राहू का?" दर पाच मिनिटांनी कोणीतरी ओरडायचं, "काय दाबू?" आणि बाबा आतून, मास्तरांच्या आवाजात, "हो दाब!"

मोगरा
म्हणजे मी बरोबर होते. अनेक टॅब, एक स्टिक. वायरमनदादा, ऐकताय ना?

वायरमन
ऐकतोय. डिस्क नाही, राउटर होता, एवढं नोंदवून हार मान्य करतो.

तळकोकणी
ताई, मामा सापडले. '२००६ जाखडी सामना', अठराव्या मिनिटाला, डावीकडून दुसरे. आईला दाखवलं. काही बोलली नाही, परत लाव म्हणाली.

शंकेखोर
सगळं छान झालं. पण त्या राउटरला पासवर्ड ठेवलाय ना?

माहेरवाशीण
ठेवलाय हो, तुमच्या धाकानेच. चांगला बारा अक्षरी.

बाबांनी तो मोठ्या अक्षरांत लिहून ओटीवरच्या कॅलेंडरला टाचणीने लावलाय. खाली लिहिलंय, "विचारू नये, बघून घालावा."